कंटेनरच्या आत प्रोसेस वेगळ्या दिसतात, मग मेमरी संपूर्ण मशीनची का दिसते?

रात्रपाळी (धागाकर्ता)

नमस्कार. लिनक्स कर्नलमधील, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यातील, नेमस्पेस (प्रोसेसला काय दिसावे हे ठरवणारी) आणि सीग्रुप (तिला किती मिळावे हे ठरवणारी) या दोन यंत्रणांबद्दल काही शंका आहेत. वरवरचे वाचन झाले आहे. परंतु प्रत्यक्ष मशीनवर जे दिसते त्याची संगती लागत नाही, म्हणून जाणकारांना विचारावे या हेतूने हा धागा काढत आहे.

आमच्याकडे १६ कोअर आणि ६४ जीबी रॅम असलेले एक मशीन आहे आणि त्यावर निरनिराळ्या गटांच्या सेवा कंटेनरमध्ये, म्हणजे एकमेकींपासून अलग ठेवलेल्या कप्प्यांत, चालतात. त्यांपैकी एक सेवा जाव्हात लिहिलेली असून तिचे जाव्हाही जुने, म्हणजे ८ च्या सुरुवातीच्या आवृत्त्यांपैकी आहे. तिच्या कंटेनरला २ जीबी मेमरी आणि एका कोअरइतका सीपीयू अशी मर्यादा घालून दिलेली आहे. कंटेनरच्या आत जाऊन ‘पीएस’ (प्रोसेसची यादी) चालवले की मोजक्याच प्रोसेस दिसतात आणि मुख्य प्रोसेसचा क्रमांक १ असतो. होस्टनेम वेगळे, नेटवर्क इंटरफेस वेगळा, फाइल सिस्टिमही वेगळी. मात्र तिथेच ‘फ्री’ (मेमरीचा हिशेब) चालवले तर एकूण मेमरी ६४ जीबी दिसते! सेवा काही वेळ नीट चालते आणि भार वाढला की कर्नल तिला ठार करते. इतके सगळे वेगळे करता येत असेल, तर मेमरीच तेवढी उघडी का ठेवली आहे?

दुसरी शंका. हे मुळापासून समजावे म्हणून कोणतेही कंटेनरचे साधन न वापरता, रूट म्हणून, ‘अनशेअर’ या कमांडने केवळ नवीन पिड (प्रोसेस क्रमांकांची) नेमस्पेस मागून त्यात बॅश सुरू केले. पहिली कमांड चालली. त्यानंतरच्या प्रत्येक कमांडला ‘मेमरी देता येत नाही’ अशा अर्थाची त्रुटी येऊ लागली. मशीनवर तेव्हा निम्म्याहून अधिक मेमरी मोकळी होती. शिवाय ती पहिली कमांड ‘पीएस’ होती आणि तिने संपूर्ण मशीनवरील प्रोसेसची यादी दाखवली. मग नेमस्पेस झाली की नाही झाली?

तिसरी शंका सीपीयूची. त्याच जाव्हा सेवेचा सरासरी सीपीयू वापर दिलेल्या मर्यादेच्या ४० टक्क्यांच्या आसपास असतो, तरीही अधूनमधून उत्तरे यायला फार उशीर लागतो. मर्यादा गाठलेलीच नसताना ती जाचते कशी?


कर्नलवारी

पहिल्या दोन शंकांचे उत्तर देतो. तिसरीवर येथे अधिक अधिकाराने लिहिणारे सदस्य आहेत.

सर्वप्रथम एक गोष्ट ध्यानात घ्यावी, ती म्हणजे लिनक्स कर्नलमध्ये ‘कंटेनर’ नावाची वस्तूच नाही. कर्नल प्रत्येक प्रोसेससाठी जी नोंद ठेवते, त्या नोंदीतून एक दुवा तिच्या नेमस्पेसच्या संचाकडे जातो आणि दुसरा, पूर्णपणे स्वतंत्र, दुवा तिच्या सीग्रुपकडे जातो. प्रोसेसला काय दिसावे हे पहिला दुवा ठरवतो; तिला किती मिळावे आणि तिने वापरलेले कोणाच्या नावावर मांडावे हे दुसरा ठरवतो. या दोन यंत्रणा वेगवेगळ्या लोकांनी वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या गरजेतून लिहिल्या आहेत. डॉकरसारखी कंटेनर चालवणारी साधने त्या एकत्र वापरतात म्हणून बाहेरून पाहणाऱ्याला त्या एकच वाटतात, इतकेच.

आता ‘फ्री’कडे वळू. ही कमांड ‘/प्रोक/मेमइन्फो’ ही फाइल वाचते आणि त्या फाइलीत संपूर्ण मशीनचा हिशेब असतो. आज कर्नलमध्ये आठ प्रकारच्या नेमस्पेस आहेत: माउंट, यूटीएस, आयपीसी, पिड, नेटवर्क, यूजर, सीग्रुप आणि टाइम. या यादीत मेमरी नाही. आपण घातलेली २ जीबीची मर्यादा सीग्रुपच्या ‘मेमरी.मॅक्स’ या फाइलीत आकडा म्हणून बसलेली असते, आणि प्रोसेसच्या नावावरची मेमरी त्या आकड्यापाशी पोहोचून काही परत मिळवता येईनासे झाले की कर्नल त्या सीग्रुपमधील प्रोसेस मारते. तोवर आतल्या प्रोसेसला त्या आकड्याची कोणीही कल्पना दिलेली नसते. जुने जाव्हा, काही सांगितलेले नसल्यास, मशीनच्या एकूण मेमरीच्या एक चतुर्थांश एवढी हीपची (प्रोग्रॅमच्या डेटासाठी जाव्हा वापरते त्या मेमरीची) कमाल मर्यादा धरते. आपल्या मशीनवर ती १६ जीबी होते. त्यामुळे २ जीबी ओलांडतानाही आपल्याला भरपूर वाव आहे, असेच त्याला वाटत असते. जाव्हा १० पासून, आणि मागाहून ८यू१९१ या आवृत्तीपासून, जाव्हा स्वतः सीग्रुपच्या फाइली वाचून मर्यादा ओळखते. मात्र आपले मशीन सीग्रुपच्या दुसऱ्या आवृत्तीवर असेल तर जाव्हा ८ मध्ये किमान ८यू३७२ लागेल. ‘फ्री’लाही खरा आकडा दिसावा असे वाटत असेल तर एलएक्ससीएफएस नावाची एक फ्यूज (कर्नलबाहेरील प्रोग्रॅमने चालवलेली) फाइल सिस्टिम आहे, जी ‘मेमइन्फो’सारख्या फाइलींच्या जागी सीग्रुपवरून काढलेले आकडे दाखवते. कर्नलमध्येच ही सोय असावी की नसावी यावर मतभेद आहेत. माझ्या मते ती नसलेलीच बरी, कारण सीग्रुप एकात एक असतात आणि वरच्या कोणत्याही पातळीची मर्यादा आधी लागू शकते. अशा वेळी ‘एकूण मेमरी’ म्हणून कोणता आकडा दाखवायचा याला एकच प्रामाणिक उत्तर नाही.

दुसऱ्या शंकेतली गंमत अशी की नेमस्पेस झाली होती, पण आपले बॅश तिच्यात नव्हते. चालू प्रोसेसचा क्रमांक तिच्या आयुष्यात बदलू नये, हा युनिक्समधला जुना करार आहे आणि असंख्य प्रोग्रॅम त्यावर विसंबलेले आहेत. म्हणून ‘अनशेअर’ या सिस्टिम कॉलने (कर्नलकडे केलेल्या विनंतीने) पिड नेमस्पेस मागितली तर मागणारी प्रोसेस आहे तिथेच राहते आणि तिची यापुढे जन्मणारी अपत्ये नव्या नेमस्पेसमध्ये जातात. त्यांतले पहिले अपत्य तिथली क्रमांक १ची प्रोसेस ठरते. आपल्या बाबतीत बॅशने सुरू केलेली पहिली प्रोसेस क्रमांक १ बनली आणि काम संपवून निघून गेली. क्रमांक १ गेली की कर्नल ती नेमस्पेस बंद झाल्याचे मानते: आत कोणी उरले असेल तर त्यांना सिगकिल (तत्काळ मारणारा सिग्नल) पाठवते आणि त्यानंतर तिच्यात नवा क्रमांक देण्यास नकार देते. हा नकार ‘ईनोमेम’ या त्रुटीच्या रूपाने येतो, आणि बॅश त्याचे ठरलेले भाषांतर मेमरीची टंचाई म्हणून छापते. मेमरीचा त्याच्याशी काडीचाही संबंध नाही. ‘अनशेअर’ला ‘--फोर्क’ हा पर्याय दिला की ती आधी अपत्य निर्माण करून त्यात बॅश चालवते, बॅश स्वतःच क्रमांक १ होते आणि ही अडचण येत नाही.

‘पीएस’ने सगळी यादी दाखवली याचे कारणही सरळ आहे. ‘पीएस’ आपली माहिती ‘/प्रोक’मधून घेते, आणि तिथे जुन्या पिड नेमस्पेसचे ‘/प्रोक’ माउंट केलेले होते. नव्या नेमस्पेसच्या आतून नवे ‘/प्रोक’ माउंट केल्याशिवाय नवी यादी दिसणार नाही. त्यासाठी ‘--माउंट-प्रोक’ हा पर्याय आहे, जो सोबत वेगळी माउंट नेमस्पेसही तयार करतो, म्हणजे बाहेरच्यांच्या ‘/प्रोक’ला धक्का लागत नाही.

स्वतः पडताळून पाहायचे असेल तर ‘/प्रोक/सेल्फ/एनएस’ या डिरेक्टरीतील दुवे वाचावेत. तिथे ‘पिड’ या दुव्यासमोर चौकटी कंसात एक आयनोड क्रमांक दिसतो. मशीन सुरू होतानाच्या मूळ पिड नेमस्पेसचा हा क्रमांक ४०२६५३१८३६ असा ठरलेला आहे. दोन प्रोसेससमोर एकच क्रमांक असेल तर त्या एकाच नेमस्पेसमध्ये आहेत. तसेच यजमान बाजूने, म्हणजे कंटेनरबाहेरच्या मूळ मशीनवरून, कंटेनरमधील एखाद्या प्रोसेसची ‘स्टेटस’ फाइल पाहिल्यास ‘एनएसपिड’ या ओळीत दोन आकडे मिळतील, उदाहरणार्थ २३४१७ आणि १. प्रोसेस एकच आहे. बाहेरच्या पातळीवर तिचा क्रमांक २३४१७ आणि आतल्या पातळीवर १. पिड नेमस्पेस अशा ३२ पातळ्यांपर्यंत एकात एक ठेवता येतात आणि प्रोसेसला तिच्या स्वतःच्या व वरच्या प्रत्येक पातळीवर एकेक क्रमांक मिळतो. वरच्याला खालचे दिसतात. खालच्याला वरचे दिसत नाहीत.


जुनाजाणता

कर्नलवारी यांच्या प्रतिसादाला पुस्ती जोडतो. नेमस्पेसबद्दल सगळेच लिहितात, पण प्रोसेसचे गट बांधणे हा प्रश्न त्याहून जुना आणि माझ्या दृष्टीने अधिक अवघड आहे, याकडे दुर्लक्ष होते.

युनिक्समध्ये प्रोसेस ग्रुप आणि सेशन या दोन कल्पना पूर्वीपासून आहेत. त्यांचा जन्म टर्मिनलच्या सोयीसाठी झाला: कंट्रोल-सी दाबल्यावर सिग्नल कोणाकोणाला जावा, हा त्यांचा मुख्य उद्देश. या गटातून बाहेर पडणे प्रोसेसच्या स्वतःच्या हातात असते. ‘सेटसिड’ हा कॉल केला की नवे सेशन सुरू. दोनदा फोर्क करून मधल्या प्रोसेसने निरोप घेतला की मूळ पालकाशी असलेला दुवाही तुटतो, आणि पार्श्वभूमीत चालणाऱ्या सेवा नेमके हेच करत. त्यामुळे ‘ही सेवा आणि तिने जन्माला घातलेले सगळे’ असा गट कर्नलला सांगण्याची सोयच नव्हती. सेवा बंद करण्यासाठी एखाद्या फाइलीत लिहून ठेवलेला क्रमांक वाचायचा, त्याला सिग्नल पाठवायचा, आणि तो क्रमांक दरम्यान दुसऱ्याच कोणाला मिळालेला नसावा अशी आशा करायची, असा तो कारभार होता.

गूगलमध्ये २००६ साली पॉल मेनेज आणि रोहित सेठ यांनी ‘प्रोसेस कंटेनर’ या नावाने काम सुरू केले, २००७ मध्ये त्याचे नाव कंट्रोल ग्रुप्स झाले आणि जानेवारी २००८ मध्ये आलेल्या २.६.२४ या कर्नलमध्ये ते सामील झाले. पिड नेमस्पेसही याच आवृत्तीत आली, परंतु तो वेगळा प्रवाह होता. (माउंट नेमस्पेस तर २००२ पासून, २.४.१९ मध्येच आहे. त्या वेळी पुढे आणखी प्रकार येतील असे कोणाला वाटले नव्हते, म्हणून तिच्या फ्लॅगला नुसते ‘क्लोन_न्यूएनएस’, म्हणजे ‘नवीन नेमस्पेस’ एवढेच नाव मिळाले आणि ते आजही तसेच आहे.) सीग्रुपमध्ये अपत्य प्रोसेस पालकाच्याच गटात जन्मते. ती कितीही वेळा फोर्क करो, ‘सेटसिड’ करो, पालक मरो; गट सुटत नाही. गट बदलायचा तर ‘सीग्रुप.प्रॉक्स’ या फाइलीत क्रमांक लिहावा लागतो आणि तिथे लिहिण्याचा अधिकार सामान्य प्रोसेसला नसतो. २०१० साली आलेल्या सिस्टिमडीने (मशीनवरील सेवा सुरू-बंद करणाऱ्या प्रोग्रॅमने) सेवांचा माग ठेवण्यासाठी सीग्रुपचा आधार घेतला तो याच कारणाने. मर्यादा घालणे हा तिथे दुय्यम हेतू होता. ५.१४ या कर्नलपासून तर ‘सीग्रुप.किल’ या फाइलीत १ लिहिले की त्या गटातील आणि त्याखालच्या सर्व गटांतील प्रोसेस एका फटक्यात मरतात, मधल्या क्षणी जन्मलेल्यांसकट.

पहिल्या आवृत्तीत एक घोडचूक मात्र होती, असे माझे मत आहे. प्रत्येक नियंत्रकासाठी, म्हणजे मेमरी, सीपीयू, डिस्क यांच्यासाठी, गटांचे स्वतंत्र झाड बांधता येत असे. एकच प्रोसेस मेमरीच्या झाडात एका फांदीवर आणि डिस्कच्या झाडात भलत्याच फांदीवर असू शके. कागदावर ही लवचिकता छान दिसते. प्रत्यक्षात एखाद्या प्रोसेसने फाइलीत लिहिलेला मजकूर आधी मेमरीत साठतो आणि कर्नल तो नंतर सवडीने डिस्कवर उतरवते. त्या वेळी डिस्कचा हा खर्च कोणाच्या नावावर टाकायचा हे ठरवण्यासाठी मेमरीतील पानाचा मालक आणि डिस्कच्या मर्यादेचा मालक एकच असावा लागतो. दोन वेगळ्या झाडांत तो तसा असेल याची हमी नव्हती, म्हणून अशा लेखनावर पहिल्या आवृत्तीत डिस्कची मर्यादा नीट लागतच नसे. कर्नल विकसक तेजुन हो यांच्या पुढाकाराने आलेली दुसरी आवृत्ती, जी मार्च २०१६ मधील ४.५ या कर्नलमध्ये अधिकृत झाली, ती एकाच झाडाचा आग्रह धरते.

त्या आग्रहाबरोबर एक नियमही आला, जो नवख्यांना हमखास अडवतो. मूळ गट सोडला, तर ज्या गटात प्रोसेस थेट बसलेल्या आहेत त्याच्या ‘सीग्रुप.सबट्री_कंट्रोल’मध्ये मेमरीसारखा नियंत्रक चालू करता येत नाही. ‘डिव्हाइस ऑर रिसोर्स बिझी’ अशी त्रुटी येते. प्रोसेस फांद्यांच्या टोकांवरच हव्यात. आधी एक उपगट करून सगळ्यांना त्यात हलवावे आणि मगच नियंत्रक चालू करावा.


सव्वाशेर

सीपीयूच्या शंकेचे उत्तर देतो. रात्रपाळी, तुमची पहिली आणि तिसरी शंका या एकाच दुखण्याच्या दोन बाजू आहेत.

‘एका कोअरइतका सीपीयू’ याचा अर्थ कर्नल तुम्हाला एक कोअर तोडून देते असा होत नाही. ‘सीपीयू.मॅक्स’ या फाइलीत दोन आकडे असतात, दोन्ही मायक्रोसेकंदांत. तुमच्या कंटेनरसाठी ते १००००० आणि १००००० असतील: दर १०० मिलिसेकंदांच्या आवर्तनात या गटातील सर्व थ्रेडनी मिळून १०० मिलिसेकंद सीपीयू वापरावा. हे थ्रेड १६ पैकी कितीही कोअरवर एकाच वेळी धावू शकतात. कोटा संपला की आवर्तन पुरे होईपर्यंत गटातील प्रत्येक थ्रेड थांबवला जातो, मग इतर कोअर रिकामे पडून का असेनात.

आता जुन्या जाव्हाला जशी ६४ जीबी मेमरी दिसते तसेच १६ कोअरही दिसतात. त्यावरून ते कचरा गोळा करणाऱ्या समांतर थ्रेडची संख्या ठरवते: पहिल्या आठ कोअरसाठी आठ आणि उरलेल्यांच्या पाच अष्टमांश, म्हणजे आणखी पाच, एकूण १३. कचरा गोळा करण्याची वेळ आली की हे १३ थ्रेड १३ कोअरवर एकदम सुटतात आणि १०० मिलिसेकंदांचा कोटा आठ मिलिसेकंदांच्या आतच खाऊन टाकतात. उरलेले ९२ मिलिसेकंद सगळे ठप्प. बरे, कचरा गोळा होत असताना बाकीचे काम थांबवलेले असते, त्यामुळे तो अर्धवट राहिला तर पुढच्या आवर्तनातही तीच कथा. त्या काळात आलेल्या विनंत्यांना उत्तर मिळणार कसे?

सरासरी ४० टक्केच का दिसते, तेही यातच आहे. एका सेकंदात दहा आवर्तने असतात. त्यांपैकी चारांत कोटा पूर्ण संपला आणि सहांत जवळपास काहीच काम नव्हते, तर सेकंदाची सरासरी ४० टक्के येते, आणि त्या चार आवर्तनांत अडकलेल्या प्रत्येकाला उशीर झालेला असतो. म्हणून सरासरीचा आलेख बाजूला ठेवून त्या गटाची ‘सीपीयू.स्टॅट’ फाइल वाचावी. तिच्यात ‘एनआर_पीरियड्स’ म्हणजे एकूण आवर्तने, ‘एनआर_थ्रॉटल्ड’ म्हणजे ज्यांत गट थांबवावा लागला ती आवर्तने, आणि ‘थ्रॉटल्ड_युसेक’ म्हणजे थांबण्यात गेलेला वेळ. पहिल्या दोहोंचे गुणोत्तर काढले की लगेच उलगडा होईल.

उपायांबाबत माझा कल स्पष्ट आहे. स्वतःच्याच गटांच्या सेवा एका मशीनवर असतील तर कोटा शक्यतो घालू नये, ‘सीपीयू.वेट’ वापरावा. हा १ ते १०००० यांमधील आकडा असतो, काही सांगितले नाही तर १००. सीपीयूसाठी चढाओढ असेल तेव्हाच तो वाटणी करतो. रिकामे कोअर कोणीही वापरू शकतो. कोटा ठेवणे भागच असेल तर जाव्हाला थ्रेडची संख्या हाताने सांगावी, किंवा ५.१४ पासून उपलब्ध असलेला ‘सीपीयू.मॅक्स.बर्स्ट’ पाहावा, ज्यात शांत आवर्तनांतील न वापरलेला कोटा काही प्रमाणात पुढे नेता येतो.


रात्रपाळी (धागाकर्ता)

तिघांचेही मनःपूर्वक आभार. ‘सीपीयू.स्टॅट’ पाहिले. साधारण दर तीन आवर्तनांपैकी एकात गट थांबवला जात होता. जाव्हा अद्ययावत करायला संबंधित गटाची परवानगी लागेल, तोवर समांतर थ्रेडची संख्या दोनवर आणली आणि हीपची मर्यादा हाताने दीड जीबी केली. थांबण्याचे प्रमाण लगेच नगण्य झाले.

‘--फोर्क’ आणि ‘--माउंट-प्रोक’ हे दोन्ही देऊन ‘अनशेअर’ चालवल्यावर अपेक्षेप्रमाणे सगळे दिसले. त्या नेमस्पेसमधील बॅशला आतूनच सिगकिल पाठवून पाहिला, तर काहीच झाले नाही. बाहेरून पाठवल्यावर मात्र ते आणि त्याच्यासोबत आतले सगळे गेले.

यातून एक पुढचा प्रश्न निघतो. विद्यार्थ्यांनी लिहिलेले प्रोग्रॅम तपासण्यासाठी चालवण्याचे एक काम आमच्याकडे येऊ घातले आहे. म्हणजे अनोळखी माणसांचा कोड. नेमस्पेस आणि सीग्रुप यांच्या भरवशावर तो याच मशीनवर चालवावा का?


कडीकोयंडा

केवळ त्या दोहोंच्या भरवशावर नको.

नेमस्पेसमुळे प्रोसेसला बाहेरचे दिसत नाही, पण तिचा प्रत्येक सिस्टिम कॉल त्याच एका कर्नलकडे जातो ज्याच्याकडे बाकी सगळ्यांचे जातात. कर्नलमध्ये एक जरी भोक असले तरी सर्व भिंती एकाच वेळी निरुपयोगी होतात. त्यातही वेगळे काही सांगितले नसेल तर डॉकर यूजर नेमस्पेस वापरत नाही, म्हणजे कंटेनरमधील रूट हा मशीनचाही रूटच असतो, फक्त त्याचे बरेचसे विशेषाधिकार काढून घेतलेले असतात.

यूजर नेमस्पेस ही या आठांतील सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत वादग्रस्त. एरिक बायडरमन यांनी मुख्यतः पूर्णत्वास नेलेले हे काम फेब्रुवारी २०१३ मधील ३.८ या कर्नलमध्ये वापरण्याजोगे झाले. ‘यूआयडी_मॅप’ या फाइलीत तीन आकड्यांची ओळ असते. समजा ती ‘० १००००० ६५५३६’ अशी आहे, तर आतला ० क्रमांकाचा वापरकर्ता, म्हणजे रूट, बाहेर १००००० क्रमांकाचा सामान्य वापरकर्ता असतो, आणि तिथून पुढे ६५५३६ क्रमांकांची जोडी अशीच लागते. आतला रूट निसटून बाहेर आला तरी त्याच्या हाती फारसे काही लागत नाही. फायदा निर्विवाद आहे.

वाद वेगळ्याच कारणाने आहे. ३.८ पासून कोणताही सामान्य वापरकर्ता स्वतःसाठी यूजर नेमस्पेस बनवू शकतो आणि तिच्यात तो पूर्णाधिकारी असतो. त्यामुळे फाइल सिस्टिम माउंट करणे, फायरवॉलचे नियम लिहिणे असे कर्नलचे जे भाग पूर्वी केवळ रूटच्याच आवाक्यात होते, ते सर्वांसाठी उघडे झाले, आणि ‘हे काय रूटच वापरणार’ या समजुतीने लिहिलेल्या त्या जुन्या कोडमधील दोष एकामागोमाग बाहेर येऊ लागले. सीव्हीई-२०२२-०१८५ (सीव्हीई ही सुरक्षा-दोषांची सार्वजनिक यादी) हे ठळक उदाहरण: माउंटचे पर्याय वाचणाऱ्या कोडमध्ये लांबी तपासताना वजाबाकी शून्याखाली जात होती आणि त्यातून कर्नलच्या मेमरीत हद्दीबाहेर लिहिता येत होते. तिथवर पोहोचण्यासाठी लागणारा विशेषाधिकार यूजर नेमस्पेसमधून आयता मिळत होता. म्हणूनच उबुंटूने २४.०४ मध्ये सामान्य वापरकर्त्यांच्या यूजर नेमस्पेसवर ॲपआर्मर या सुरक्षा यंत्रणेमार्फत निर्बंध आणले. सीग्रुपही यातून सुटलेले नाहीत. पहिल्या आवृत्तीत ‘रिलीज_एजंट’ नावाची फाइल असे. गट रिकामा झाला की तिच्यात लिहिलेला प्रोग्रॅम कर्नल यजमानाच्या बाजूने, पूर्ण अधिकारांनिशी चालवी. त्या फाइलीत कोण लिहीत आहे याची तपासणी अपुरी होती, हे सीव्हीई-२०२२-०४९२ मध्ये उघड झाले. दुसऱ्या आवृत्तीत ही फाइल नाही, त्यामुळे तुमचे मशीन अजून पहिल्या आवृत्तीवर असेल तर ती सोडण्यासाठी एवढे एकच कारण मला पुरेसे वाटते.

तुमच्या कामासाठी किमान एवढे करावे: यूजर नेमस्पेस लावून आतला रूट निष्प्रभ करावा, सेककॉम्पने अनावश्यक सिस्टिम कॉल बंद करावेत, आणि आतल्यांना पुन्हा नवी यूजर नेमस्पेस बनवता येऊ नये म्हणून ‘अनशेअर’ व ‘क्लोन’चे संबंधित फ्लॅगही तिथेच अडवावेत. (‘क्लोन३’चे फ्लॅग मेमरीतील रचनेत असतात आणि सेककॉम्पला ती वाचता येत नाही, म्हणून तो कॉल ‘ईनोसिस’ (असा कॉलच नाही, ही त्रुटी) देऊन सरसकट नाकारावा लागतो, मग ग्रंथालये जुन्या ‘क्लोन’कडे वळतात.) नेटवर्क नेमस्पेस रिकामी ठेवावी, म्हणजे बाहेर जाण्याचा मार्गच नसेल. ‘पिड्स.मॅक्स’ विसरू नये. विद्यार्थ्यांपैकी कोणीतरी स्वतःला अखंड फोर्क करणारा प्रोग्रॅम पाठवणारच, आणि त्याला मेमरीची मर्यादा वेळेत आवरत नाही. माझी स्वतःची पसंती मात्र अशा कामासाठी हलकी व्हर्च्युअल मशीन वापरण्याला आहे. प्रत्येकाला स्वतःचे कर्नल मिळाले की वरच्यांपैकी बहुतेक चिंता मिटतात, आणि त्यासाठी मोजावी लागणारी मेमरी ६४ जीबीच्या मशीनवर जड नाही.


कर्नलवारी

कडीकोयंडा यांच्याशी सहमत आहे. आतून पाठवलेल्या सिगकिलबद्दल थोडे लिहितो आणि मेमरीबद्दल एक राहून गेलेली गोष्टही सांगतो.

क्रमांक १च्या प्रोसेसला तिच्याच नेमस्पेसमधून आलेला सिग्नल, तिने त्यासाठी हाताळणी लिहिलेली नसेल तर, कर्नल टाकून देते. सिगकिलला हाताळणी लिहिताच येत नाही, म्हणून आतून तो कधीच लागू पडत नाही. वरच्या नेमस्पेसमधून आलेला सिगकिल आणि सिगस्टॉप मात्र चालतात. बाहेरून आलेल्या सिगटर्मला (थांबण्याची विनंती करणाऱ्या सिग्नलला) हाताळणीअभावी हाच नियम लागतो, आणि कंटेनर थांबवताना डॉकर दहा सेकंद वाट पाहत बसल्याचा जो अनुभव पुष्कळांना येतो त्याचे मूळ यात आहे.

राहून गेलेली गोष्ट तपासणीच्या कामात उपयोगी पडेल. मेमरीचे पान ज्या सीग्रुपने प्रथम वापरले त्याच्या नावावर ते मांडले जाते, आणि यात फाइली वाचताना भरलेला पेज कॅशही येतो. दुसऱ्या आवृत्तीत प्रोसेस नंतर दुसऱ्या गटात हलवली तरी आधीची पाने जुन्याच गटाच्या नावावर राहतात. त्यामुळे विद्यार्थ्याचा प्रोग्रॅम आधी सुरू करून मग त्याचा क्रमांक ‘सीग्रुप.प्रॉक्स’मध्ये लिहिण्याची पद्धत दोन अर्थांनी सदोष आहे: सुरुवातीची मेमरी तपासणाऱ्या सेवेच्याच खात्यावर पडते, आणि क्रमांक लिहिला जाईपर्यंतच्या क्षणात प्रोग्रॅमने फोर्क केले तर ती अपत्ये मर्यादेबाहेर राहतात. फोर्क झाल्यावर अपत्याला आधी गटात घालावे आणि मगच त्याने प्रोग्रॅम सुरू करावा. कर्नल ५.७ किंवा त्यापुढचे असेल तर ‘क्लोन३’ या सिस्टिम कॉलला ‘क्लोन_इन्टू_सीग्रुप’ हा फ्लॅग आणि गटाच्या डिरेक्टरीचा फाइल डिस्क्रिप्टर द्यावा. प्रोसेस थेट त्याच गटात जन्मते आणि मधला क्षणच उरत नाही. सेककॉम्पची चाळणी अपत्याने स्वतःवर त्यानंतर लावायची असल्याने तपासणाऱ्या सेवेला ‘क्लोन३’ वापरण्यात अडथळा येत नाही.